मनमाडहून आलेला गाडा

दोंदे सर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आत पाऊल टाकायच्या आधी दाराची चौकट वितीनं मोजायचे. चपला काढता काढता उजव्या हाताचा पंजा ताणून चौकटीवर तीन-चार वेळा टेकवायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे आणि मग म्हणायचे, "येऊ का?" माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझी मुलगी फिदीफिदी हसली. तिला म्हणाले, "हसू नको. उद्या कपाट घ्यायचं झालं, तर ते आत येईल का नाय हे आजच कळलेलं बरं."

त्यांची वीत बरोबर नऊ इंचांची होती. नाशकात, सातपूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आमची एक लहानशी खासगी प्रशिक्षण संस्था होती. तिथे ते वेल्डिंग आणि पत्राकाम शिकवायचे, मी भांडारात होते. सळया, पत्रे, हातमोजे, काळे चष्मे, सगळं माझ्या हातून जायचं. दर महिन्याला मोजायच्या दोन-तीन टेपा गहाळ व्हायच्या आणि मी कुरकुर केली की सर पंजा उघडून दाखवायचे. "ही हरवत नाय, मॅडम."

उंच, सडपातळ, किंचित पुढं वाकलेले. दोन खिशांचा खाकी शर्ट, त्यात पेन्सिलीचा तुकडा आणि सुपारीची पुडी. पोरांनी जोड मारून आणला की ते त्याच्याकडे बघायचेही नाहीत. हातोडीनं दोन दणके द्यायचे, मग तो शिकंज्यात धरून वाकवायचे. पोरगं रडकुंडीला यायचं. "दिसायला चांगला आहे रे," ते म्हणायचे, "पण दिसण्याचं काम रंगाचं. जोडाचं काम वेगळं."

त्यांच्या पत्नी मनमाडला रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. लग्न झालं तेव्हा दोघांच्याही नोकऱ्या नुकत्याच लागलेल्या. दोघंही गरिबीतून, आंबेडकरी वस्तीतल्या शाळा-वसतिगृहांतून शिकून वर आलेले. हातातली नोकरी सोडायची कुणी, हा प्रश्न तेव्हा कुणी कुणाला विचारला नाही आणि पुढे तो विचारायचा राहूनच गेला. मूलबाळ झालं नाही. शनिवारी अर्धा दिवस भरला की सर सायकल स्टेशनवर लावून मनमाडची गाडी धरायचे. सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघून थेट वर्कशॉपमध्ये हजर व्हायचे, हातात पोळी-भाजीचा डबा. असं जवळजवळ तीस वर्षं चाललं. मनमाडमध्ये त्यांच्या पत्नीला अख्खा मोहल्ला सिस्टर म्हणायचा, म्हणून सरही म्हणायला लागले. "आमच्या सिस्टरांनी मेथी दिलीय, घ्या." नवीन माणूस गोंधळायचा. सरांना त्यात गंमत वाटायची की नाही, ते कळायचं नाही.

निवृत्तीला चार वर्षं राहिली तेव्हा त्यांनी आडगावच्या पुढे एक छोटा प्लॉट घेतला. तिकडेच का, असं मी विचारलं. "मनमाडच्या रस्त्याला पडतो," ते म्हणाले. दोघं निवृत्त झाले की तिथे राहायचं होतं. प्लॉटपर्यंतची वाट मात्र दोन द्राक्षबागांच्या मधून जायची आणि वाटेत ओहोळावर एक चिंचोळी मोरी होती. ट्रॅक्टर नाही, टेम्पो नाही. माल मोरीच्या अलीकडे उतरवायचा आणि डोक्यावरून न्यायचा. सरांनी दोन दिवस ती मोरी मोजली आणि तिसऱ्या दिवशी भांडाराच्या खिडकीत येऊन म्हणाले, "मॅडम, सायकलच्या मागं जोडायला गाडा बनवतोय. भंगार बाजारात जाऊन येतो."

तो पहिला गाडा जन्मताना मी पाहिला. इंची चौकोनी पाइपची चौकट, तळाला पत्रा, बाजूला हातभर उंचीच्या जाळ्या. लहान मुलांच्या सायकलींची दोन चाकं त्यांनी निवडून आणली. निवडायला अख्खी दुपार लागली. प्रत्येक चाक कानाशी धरून फिरवायचे आणि बेअरिंगचा आवाज ऐकायचे. भंगारवाल्यानं विचारलं म्हणे, गाणं ऐकताय का. वर्कशॉपमधल्या पोरांनी चाकाची आस एकाच बाजूनं चौकटीला जोडायचं ठरवलं होतं, सोपं पडतं म्हणून. सरांनी ते उतरवायला लावलं. "सायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरायचं असतं. एका बाजूनं धरलं तर चार दिवस चालेल, मग आस वाकेल." दोन्ही बाजूंनी पट्ट्या आल्या, काम दुप्पट झालं.

तरीही पहिला गाडा फसला. सरांनी तो सीटखालच्या पाइपाला जोडला होता. द्वारकेच्या चौकात फरशांनी भरलेला गाडा वळणावर असा हिसकला की सायकल उचललीच गेली. सर एकीकडे, फरशा दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी कोपराला पट्टी बांधून आले. मी म्हटलं, टेम्पो करा की मोरीपर्यंत. म्हणाले, "चूक माझी होती. ओझं उंचावरून ओढलं. खालून, चाकाच्या आसेपासून ओढायला पाहिजे होतं." फुटलेल्या फरशांचे तुकडे त्यांनी गोणीत भरून ठेवले आणि पुढे ओट्यावर नक्षीसारखे बसवले.

दुसऱ्या गाड्याचा जोड त्यांनी मागच्या चाकाच्या आसेवर, डाव्या बाजूला घेतला. सायकल आणि दांडी यांच्यामध्ये जाड रबरी होजचा वीतभर तुकडा घातला, म्हणजे जोड वळेल, वरखाली होईल, पीळही खाईल. शिवाय नायलॉनचा पट्टा, जोड तुटलाच तर गाडा रस्त्यावर मोकळा सुटू नये म्हणून. मग त्यांनी मला भांडारातून बाहेर बोलावलं. "सायकल आडवी पाडा."

"म्हणजे?"

"हात सोडा. पडू द्या."

मी हात सोडले. सायकल धाडकन पडली. मागचा गाडा, वीस वीस लिटरचे पाण्याचे तीन जार घेऊन, जागच्या जागी उभा. सर माझ्याकडे बघून हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

त्या गाड्यानं दोन वर्षं घर वाहिलं. विटा, वाळू, खिडक्यांचे गज, संडासचं भांडं, दाराच्या फळ्या. रोज संस्था सुटली की एक खेप. वजन नेहमी आसेच्या जरासं पुढं. मागं झालं तर गाडा सायकलचं मागचं चाक उचलतो, फार पुढं झालं तर मागच्या चाकावर बसतो. सायकलवाले लोक त्यांच्याकडे यायला लागले. नाशकात सायकलवर फिरणारे हौशी पुष्कळ. एका डॉक्टरांनी बाहेरून मागवलेला चकचकीत अॅल्युमिनियमचा गाडा दाखवायला आणला. सरांनी दांडी एका बोटानं उचलून पाहिली, चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाले, "फार सुंदर. पाऊस-चिखलात नेऊ नका." गाडा बनवून द्या म्हणून कुणी आलं की त्यांचे प्रश्न ठरलेले. काय नेणार? कुठल्या रस्त्यानं? ओढणार कोण?

जनाबाई आली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. पेठकडच्या डोंगरातली बाई, चाळिशी उलटलेली. नवरा वारल्यावर शहरात येऊन पेठ रोडला खोली घेऊन राहायची आणि पंचवटीच्या बाजारात रानभाज्या, नागली, करटुली विकायची. रोज डोक्यावर पाटी.

"ओढणार कोण?" सरांनी विचारलं.

"मीच. दुसरा कोण हाय?"

"सायकल येते?"

"नाय."

सरांनी तिची उंची मोजली आणि गाड्याला असा दांडा केला की सायकल नसली तरी हातानं ओढता येईल. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. पुढचा महिनाभर वर्कशॉपच्या पटांगणात, मधल्या सुट्टीत, जनाबाई लुगड्याचा काचा मारून सायकल शिकत होती. मागं सर कॅरिअर धरून धावायचे. पोरं खिडकीतून बघायची. एकदा तिनं एकटीनं पूर्ण फेरी मारली आणि थांबायचं कसं ते न कळल्यामुळे थेट भंगाराच्या ढिगात जाऊन शिरली. उठून लुगडं झटकत ओरडली, "सर, आता गाडा जोडा!" तो गाडा ती अजून चालवते. अलीकडेच मला मखमलाबाद नाक्याला दिसली, मागं अळूच्या पानांचा डोंगर.

माझं बिऱ्हाड हललं तेही त्याच काळात. माझं सासर पंचवटीत, देवळांच्या मागच्या एका बोळात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं कुणाच्या तरी पायरीवर चढायचं, असा बोळ. नवऱ्याशी माझं का पटलं नाही ते इथे सांगत नाही. एवढंच की एके सकाळी मी मुलीला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं आणि माझं सामान न्यायला माझ्याकडे कुणी नव्हतं. भाऊ सटाण्याला, तो म्हणाला, आधी बोलून बघू. मी भांडारात बसून पावत्या लावत होते. सर हातमोजे घ्यायला आले आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "किती सामान आहे?"

रविवारी सकाळी ते बोळाच्या तोंडाशी गाडा घेऊन हजर. त्या आठवड्यात ते मनमाडला गेले नाहीत, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या, शेजारणी खिडक्यांत. सरांनी सायकल स्टँडवर लावली आणि सासूबाईंना म्हणाले, "आजी, पाणी मिळेल का प्यायला?" त्या गडबडल्या. पाणी मागणाऱ्याला नाही कसं म्हणणार? आत गेल्या, तांब्या-भांडं घेऊन आल्या. सर सावकाश प्यायले, भांडं उपडं करून ठेवलं, मग कामाला लागले. भांडणाचा जो एक क्षण होता तो त्या पाण्याबरोबर गेला. माझ्या वडिलांनी दिलेली पेटी खाली, भांड्यांची गोणी मध्ये, अंथरुणं वर, मुलीचं दप्तर सगळ्यांत वर. निघताना ते सासूबाईंना म्हणाले, "येतो, आजी," जणू त्यांच्याकडेच पाहुणे म्हणून आले होते.

पुलावरून जाताना ते सायकलवर बसले नाहीत. मी चालत होते म्हणून तेही सायकल हातात धरून चालले. नदीला पाणी कमी होतं. गंगापूर रोडला मी खोली घेतली होती, तिथवर तसेच चालत आले. सामान लावून झालं तरी निघेनात. मला कळेना काय हवंय. मग म्हणाले, "गॅस पेटवून बघा." मी पेटवला. "चहा टाका." टाकला. आम्ही तिघांनी चहा प्यायला आणि मग ते उठले. हे त्यांचं पुढेही असंच होतं. कुणाचंही बिऱ्हाड पोचवलं की तिथे एक कप चहा होईपर्यंत हलायचे नाहीत.

घर पूर्ण झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा. मी पाहायला गेले तेव्हा त्यांनी मला सगळ्यांत आधी स्वयंपाकघरात नेलं. कट्टा नेहमीपेक्षा बुटका. "सिस्टर उंचीला कमी आहेत," ते म्हणाले. "मनमाडला त्या पोळ्या लाटत होत्या तेव्हा मागून कोपराची उंची मोजून घेतली. त्यांना कळलंही नाय." भिंतीतल्या फळ्यासुद्धा सिस्टरांचा हात पोचेल अशा. पूर्वेच्या खिडकीला रुंद कठडा, सकाळी त्यांना पेपर वाचायला. दोन खुर्च्या, दोन ताटं, दोन तांबे आणून ठेवलेले.

गृहप्रवेशाला भन्तेजी आले, वंदना झाली, खीर वाटली. तिथे मी सिस्टरांना पहिल्यांदा पाहिलं. ठेंगण्या, गोऱ्या, पांढऱ्या साडीत, बोलणं तुटक पण प्रेमळ. कुणाचा तरी नातू खोकत होता, त्याला जवळ घेऊन त्यांनी त्याची छाती तपासली. कट्ट्यावरून त्यांनी एकदा तळवा फिरवला. "छान बांधलंय," म्हणाल्या. रविवार होता. संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या, दुसऱ्या दिवशी ड्युटी होती.

सर आधी निवृत्त झाले आणि घरात एकटे राहायला लागले. सिस्टरांना अजून दीड वर्ष होतं. शनिवार-रविवारचं चक्र चालूच होतं. भेटले की सांगायचे, आता चौदा महिने, आता नऊ. सिस्टरांच्या निवृत्तीनंतरच्या आठवड्यात सरांचा फोन आला. "उद्या मनमाडला निघतोय. सायकलनं. गाडा घेऊन."

"अहो सर, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर होतात! सामानाला टेम्पो करा."

"टेम्पो येईलच मागून. पहिली खेप आपल्या हातानं आणायची."

आठवड्यानं मी त्यांच्याकडे गेले. वाटलं, सिस्टर आल्या असतील, म्हणून मुलीच्या हातानं पेढे घेतले होते. सर एकटेच ओट्यावर बसले होते. गाडा भिंतीला टेकवलेला. शेजारी गोणपाटावर एक पाटा आणि वरवंटा. पेढ्यांचा पुडा बघून म्हणाले, "ठेवा आत." मुलगी आत गेल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या तोंडून सलग इतकं मी तेव्हाच ऐकलं.

जाताना गाड्यात त्यांनी घराच्या उरलेल्या विटा घातल्या होत्या. रिकामा गाडा खड्ड्यात उड्या मारतो, चाकं टिकत नाहीत, थोडं वजन लागतं. चांदवडला एका ओळखीच्यांकडे मुक्काम केला. मनमाडला पोचले तेव्हा शेजारची बाई म्हणाली, पाण्याच्या पिंपाखाली घालायला विटा हव्यात. यांनी सगळ्या देऊन टाकल्या. परतीला सामान भरपूर असणार होतं.

"आत गेलो तर काहीच बांधलेलं नाय," सर म्हणाले. "कपाट उघडं, भांडी मांडणीवर. म्हटलं, सिस्टर, आवरायला घेऊ का? त्या म्हणाल्या, बसा. मी येत नाही."

मी गोणपाटावरच्या पाट्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, तब्येत बरी नाय. म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात. तर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात नाही आणि नंतरही नाही. इथं माझ्या दारावर थाप पडते. कुणाचं बाळ आजारी, कुणाला सुई. तिकडं कोण येणार? म्हटलं, मी आहे ना. तर..." सरांनी सुपारीची पुडी काढली, उघडली, परत मिटली. "तर म्हणाल्या, तुम्ही माझ्या कोपराची उंची मोजलीत, मला कळलं होतं. मी मुद्दाम हलले नाही. पण येतेस का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

द्राक्षबागेत कुणीतरी फवारणीचं यंत्र चालू केलं. यंत्र थांबल्यावर सर म्हणाले, "खरं आहे. नाय विचारलं. मला वाटलं, घर बांधतोय म्हणजे विचारतोयच."

भांडण झालं नाही. दोन दिवस राहिले. सिस्टरांचा गळका नळ बदलला, खिडकीची कडी बसवली. निघताना गाडा रिकामा. विटा पिंपाखाली गेलेल्या, त्या परत कशा मागणार? दारात उभं राहून त्यांनी सिस्टरांना सांगितलं, "काहीतरी वजन दे. रिकामा उडतो." सिस्टर आत गेल्या. मग दोन्ही हातांनी पाटा उचलून घेऊन आल्या. त्यांच्या आईचा, लग्नात आलेला. परत आत जाऊन वरवंटा आणला. "मिक्सर आल्यापासून पडूनच होता," म्हणाल्या. सरांनी तो गोणपाटात गुंडाळला, आसेच्या जरासा पुढं ठेवला आणि दोरीनं आवळला.

"काय सांगू मॅडम," सर म्हणाले, "एवढा चांगला गाडा कधी चालला नव्हता. जरासुद्धा हादरा नाय. चांदवडचा चढ चढताना मागं वळून वळून बघत होतो, आहे का पडला."

मुलगी बाहेर आली. "सर, आजी कुठेत?" तिनं विचारलं.

"त्यांच्या घरी," सर म्हणाले.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. शनिवारची गाडी त्यांनी सोडली नाही. शनिवारी जायचे, सोमवारी यायचे, पूर्वीसारखेच. लोकांना वाटायचं, मग बिघडलं काय? तसं काहीच बिघडलं नव्हतं. फक्त मधले पाच दिवस होते. ते पाच दिवस त्यांनी बिऱ्हाडं वाहायला घेतली. शहरात खोल्या बदलत राहणारी माणसं किती असतात ते मला त्यांच्यामुळे कळलं. परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली, सिन्नरच्या कारखान्यात बदली होऊन आलेला एकटा कामगार, मुलानं दुसरीकडे खोली बघून दिलेले म्हातारे. एक गादी, एक बादली, एक पंखा, पुस्तकांचा खोका, एवढ्यासाठी टेम्पो कोण करतो? सर यायचे, दार वितीनं मोजायचे, सामान बांधायचे. पैसे घ्यायचे नाहीत. नव्या खोलीत गॅस पेटेपर्यंत थांबायचे. एका मुलीनं मला सांगितलं, गॅसच नव्हता माझ्याकडे, तर सर जाऊन टपरीवरून दोन चहा घेऊन आले आणि रिकाम्या खोलीत माझ्यासमोर बसून प्यायले, मग गेले.

त्यांच्या स्वतःच्या बुटक्या कट्ट्यावर मात्र फारसं काही शिजत नसे. दुपारी आडगावच्या नाक्यावर एका खानावळीत जेवायचे. मी दोन-तीनदा म्हटलं, आमच्याकडे या. यायचे, जेवायचे, पण बोलायचे गाड्याबद्दलच. चाकाचे आरे, नवा जोड, ब्रेक. "चढाला ओझं मागं ओढतं, ते परवडलं," असं एकदा म्हणाले. "उताराला पुढं ढकलतं. माणूस फसतो तो उताराला." मला वाटलं, आता पुढे काही बोलतील. पण ते पुढच्या ब्रेकच्या रबराकडे वळले.

गेल्या वर्षी एका रविवारी सिस्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज मी ओळखलाही नाही. "सर गेले," त्या म्हणाल्या. "जेवले, म्हणाले जरा पडतो. चहाला उठवायला गेले तर..." मनमाडलाच, त्यांच्या घरी. सोमवारी ते परत निघणार होते.

श्रद्धांजलीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आडगावच्या घरी झाला. सिस्टर तिथे आठ दिवस राहिल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात चहा करत होत्या. कट्टा त्यांच्या कोपराला बरोबर येत होता. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. आम्ही दोघी चहा घेऊन बाहेर ओट्यावर बसलो.

"एक विचारू?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही त्यांना रोज भेटायचात. ते माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

मी आठवायला लागले. मेथी. पोळ्या. कोपराची उंची. ती ओट्यावरची दुपार. इतक्या वर्षांतलं तेवढंच हाती लागत होतं. "बोलायचे," मी म्हटलं. "नेहमी बोलायचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर रुग्णांच्या नातेवाइकांशी बोललेली बाई, तिला कळत नसेल असं नाही. "माझ्याशी तर फक्त गाड्याबद्दल बोलायचे," त्या म्हणाल्या. "शनिवारी आले की सुरू. आज कुणाला नेलं, किती वजन होतं, कुठल्या रस्त्यानं. मीही ऐकायची. पाच वर्षं ऐकलं. आता मला विचाराल तर मी गाडा बनवू शकेन." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

घर त्यांनी विकलं नाही. शहरातल्या एका दवाखान्यात नव्यानं लागलेल्या दोन परिचारिका मुलींना राहायला दिलं. स्वतः मनमाडला परत गेल्या. गाड्याचं काय करायचं ते विचारत होत्या. मी जनाबाईला निरोप दिला. ती भावाला घेऊन आली आणि गाडा पेठकडे त्याच्या गावी गेला, भात वाहायला.

सरांना मी शेवटचं पाहिलं, ते जायच्या महिनाभर आधी. मी बसमध्ये होते, दुपारची वेळ, मुंबई नाक्याच्या सिग्नलला बस थांबलेली. खिडकीतून खाली पाहिलं तर सर. सायकलवर, एक पाय रस्त्याला टेकलेला. मागं कुणाचं तरी बिऱ्हाड, गुंडाळलेली गादी, प्लॅस्टिकची खुर्ची उलटी बांधलेली, एक आरसा चादरीत लपेटलेला. ज्याचं सामान होतं तो माणूस आसपास दिसत नव्हता, बहुतेक पुढं गेला असावा. मी काच सरकवायला लागले, ती अडकली होती. काचेवर टकटक केली, गाड्यांच्या गोंगाटात त्यांना ऐकू गेलं नाही.

त्यांचे ओठ हलत होते. आधी वाटलं, फोनवर बोलताहेत, पण सायकल चालवताना ते फोन जवळ ठेवत नसत. मग त्यांनी मान वळवून मागं पाहिलं, त्या गादीकडे आणि खुर्चीकडे, काहीतरी सांगितलं, उत्तर ऐकावं तसे थोडे थांबले आणि हसले. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. भरलेला गाडा हलायला वेळ लागतो. सर उभे राहून पायडलवर सगळा भार देत होते, सायकल जागची हलेना, मग हलली. आमची बस डावीकडे वळली. ते सरळ गेले.